बाळंतिणीची खोली आणि बागेचं औषध

निवृत्त झालो तरी लोक मला ओळखतात ते तोंडावरून नाही, वासावरून. परवा साताऱ्याच्या स्टँडवर एक म्हातारी शेजारी येऊन बसली, दोनदा नाक ओढलं आणि म्हणाली, "मलेरियातलं न्हवं तुमी?" आता मी रोज आंघोळ करतो, साबण लावतो, एकदा तर बायकोनं लेकीच्या लग्नातलं अत्तरही माझ्यावर संपवून बघितलं. पण आयुष्यभर अंगात मुरलेलं डिझेल आणि डासांचं औषध असं सहजासहजी निघत नाही. म्हातारीला हो म्हणालो, तर तिनं लगेच विचारलं, "मग ढेकणाचं काय?" आमच्या खात्याला आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न हाच.

मी हिवताप विभागात होतो. कागदावर पदाचं नाव भलंमोठं होतं, लोकांच्या तोंडी मात्र फलटणला 'डासवाले साहेब', वाईला 'धूरवाले' आणि सांगलीकडं नुसतं 'ए मलेरिया!'. मूळचा मी वडूजचा. आमच्याकडं माणसाला प्यायला पाणी नव्हतं, डासानं अंडी घालायची कुठं? तरी सरकारनं नेमका आमच्यातलाच माणूस डासांवर सोडला. पहिल्या दिवशी साहेबांनी मला बाटलीतल्या पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या दाखवल्या, तेव्हा मी म्हणालो, "साहेब, ह्ये तर आमी लहानपणी पीत हुतो." साहेबांचा चहा तसाच राहिला.

बाहेरच्यांना वाटतं, आमचं काम म्हणजे धूर. खरं सांगू का, धूर ही आमच्या धंद्यातली वरात आहे. डिझेलमध्ये औषध मिसळायचं, मशीन खांद्याला लावायचं, आणि भडभडा आवाज करत गल्लीतून जायचं. मागे पोरं नाचतात, कुत्री भुंकतात, सरपंचाला वाटतं आपण काहीतरी केलं. त्या घटकेला जे डास हवेत उडत असतील ते मरतात. पलंगाखाली बसलेले बसूनच राहतात. खरं काम म्हणजे टाक्या, रांजण, टायर, फ्रिजच्या मागचा ट्रे तपासायचा आणि साठलेलं पाणी ओतून द्यायचं. पण लोकांचं कसं आहे, धूर सोडला तर चहा मिळतो आणि रांजण पालथा केला तर शिव्या. फलटणच्या एका नगरसेवकानं मला आपल्या दारापुढं तीनदा धूर सोडायला लावला होता, चौथ्यांदा तो स्वतःच खोकून आत पळाला.

साताऱ्याजवळच्या एका गावात एक निवृत्त सुभेदार होते. मी आलो की घरातल्या सगळ्यांना अंगणात ओळीनं उभं करायचे आणि मला हुकूम सोडायचे, "फॉग शुरू करो!" त्यांच्याच गच्चीवरच्या टाकीत अळ्यांची पलटण पोसलेली होती. मी ते सांगितलं तर चेहरा लाल करून म्हणाले, "माझ्या टाकीत? नाव-नंबर सांग त्यांचं!" शेवटी मी वाटीत अळ्या काढून आणल्या. सुभेदारांनी वाटीकडं बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "शेजारच्यांच्या असतील."

धुरापेक्षा जड काम भिंतीवरच्या फवारणीचं. भिंतीवर औषध मारायचं, ते वाळून महिनोन्‌महिने तिथं राहतं, त्यावर डास टेकला की संपला. त्याच्या आधी घरातलं पीठ-मीठ, पाण्याचे हंडे, पाळणा, माणसं, सगळं बाहेर काढायचं, आणि भिंत वाळल्याशिवाय कुणी आत जायचं नाही. हे एवढं सांगता सांगता आमचा घसा बसायचा. आणि मग यायची बाळंतिणीची खोली.

या खोलीनं मला उभ्या नोकरीत जेवढं छळलं तेवढं डासांनी नाही. तुम्हाला माहीत आहे ती खोली. खिडक्यांच्या फटीत जुन्या साड्यांचे बोळे, दाराला गोधडीचा पडदा, बाजेखाली शेगडी, शेगडीवर ओवा आणि शेपा. आत हवा म्हणून काही शिल्लक नसते. बाळंतीण त्यात सव्वा महिना बसून राहते, कारण बाहेर आली तर तिला वारं लागतं. आम्ही पंप घेऊन दारात उभं राहिलो की घरातली थोरली बाई आडवी व्हायची. "हितं बाळंतीण हाय, म्होरं व्हा." मग भिंतीवर खडूनं 'एक खोली बंद' लिहायचं आणि पुढं जायचं. औषध कशाकशापासून लांब ठेवायचं म्हणून आम्हाला प्रशिक्षणात विहिरी शिकवल्या, जनावरं शिकवली, मधमाश्या शिकवल्या. पाळण्यातलं मूल बाहेर काढा, हेही शिकवलं. आईच्या अंगात गेलेलं औषध दुधात उतरतं का, हा प्रश्न कुणी विचारला नाही आणि मलाही सुचला नाही. याचं वाईट आजही वाटतं.

हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला तो अण्णा पाटलांनी, आणि तोही माझी गचांडी धरून.

सांगलीकडच्या द्राक्षपट्ट्यातलं गाव. अण्णा म्हणजे मोठे बागायतदार, जैन घर, सोन्यासारखी द्राक्षबाग. माणूस दिलदार, पण आवाज असा की समोरच्याला कायम आपलं काहीतरी चुकलंय असं वाटावं. त्यांची लेक स्नेहल पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. नवरा पुण्यात नोकरीला, सासर वाईचं. मुलगी झाली होती, गोबरी, केसाळ. पावसानं उघडीप दिली आणि गावात डेंग्यूचे पेशंट निघाले, म्हणून आम्ही धूर सोडला. पाटलांच्या गल्लीतूनही गेलो. त्यानंतर काही दिवसांनी अण्णा आरोग्य केंद्राच्या दारात हजर.

"काय रं मलेरिया! तुझ्या धुरानं माझ्या लेकीचं दूध नासलं की रं!"

मी म्हणालो, "अण्णा, आधी कॉलर सोडा, मग सांगा."

सांगितलं ते असं. धूर सोडला त्या संध्याकाळी स्नेहलला ओकारी झाली, डोकं ठणकायला लागलं. तिनं नवऱ्याला फोनवर सांगितलं. जावईबापूंनी मोबाइलवर शोधाशोध केली, आणि डासांचं औषध आईच्या दुधात उतरतं असा एक मजकूर त्यांना सापडला. तो त्यांनी आपल्या आईला पाठवला. वाईच्या विहीणबाईंनी तो वाचला आणि फोनवरून फर्मान काढलं, अंगावर पाजायचं बंद. बाळाला पावडरचं दूध सुरू झालं. आता बाळाला जुलाब लागले होते आणि अण्णांना कुणाची तरी मान हवी होती. माझी जवळ होती.

आमच्या उपकेंद्राच्या नदाफ सिस्टर तिथंच लसींचा डबा भरत होत्या. जाड चष्मा, तोंडात सुपारी, आणि गावातली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली. सरपंचालाही त्या "गप रे, तुला मी उघडा बघितलाय" म्हणायच्या. त्यांनी डबा खाली ठेवला. "किती दिवस झालं पाजायचं बंद करून?"

अण्णा गडबडले. "आमाला काय म्हाईत? बायकांचं त्ये."

"बायकांचं हाय तर मग ह्याची कॉलर कशाला धरली?" सिस्टर म्हणाल्या. "आणि पोरीचं दूध आटलं तर? परत आणायला काय तुमचा बोअर हाय का तो, गाडी बोलावली की खोल मारला?"

अण्णांचा हात कॉलरीवरून आपोआप सुटला.

आम्ही डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या नव्यानंच आल्या होत्या, तरुण, उगाच शब्द वाया न घालवणाऱ्या. मला वाटलं, त्या म्हणतील असलं काही नसतं, आणि मी सुटेन. तर म्हणाल्या, "उतरतं. थोडं उतरतं. घरात औषध मारलं की आईच्या अंगात जातं, तिथून दुधात. किती उतरलं म्हणजे वाईट, हे छातीठोकपणे कुणालाच सांगता येत नाही. पण दूध तोडल्यावर काय होतं ते मी रोज बघते. बाळाला आधी माझ्याकडं दाखवा. आईला पाजू दे. आणि तिच्या आसपास औषध कुठून येतंय ते शोधून बंद करा." मग माझ्याकडं वळल्या. "एकदा गल्लीतून गेलेल्या धुरानं इतकं डोकं दुखणार नाही. काहीतरी वेगळं आहे. तुम्ही दोघं जाऊन या."

अण्णांनी बाळाला दवाखान्यात आणवलं, डॉक्टरीणबाईंनी तपासून, जुलाबाचं औषध देऊन घरी पाठवलं. दुपारी आम्ही दोघं पाटलांच्या वाटेला लागलो. खरं सांगतो, मी भ्यालो होतो. डेंग्यूला भ्यालो नाही कधी, पण बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं जायचं, तेही डासवाल्यानं, आणि विषय काय तर दूध! सिस्टर म्हणाल्या, "तुमी फक्त नाक आणा बरोबर. तोंड हितंच ठेवा."

दारात अण्णांची बायको उभी होती. आम्ही सगळे त्यांना वहिनी म्हणायचो. माऊली एकदम, रोज सकाळी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शनाला जाणार, सूर्य मावळायच्या आत जेवणार, पाणी कापडातून गाळल्याशिवाय पिणार नाही. त्यांच्या घरात डास मारायला बंदी होती. ती विजेची रॅकेट जावयानं आणली होती, ती वहिनींनी माळ्यावर टाकली. "चट् चट् आवाज येतोय मेला," म्हणायच्या, "जीव हाय त्यो बी." दर वर्षी आमचा पंप त्या उंबऱ्यावरूनच परत पाठवायच्या, पण पोटभर पोहे खायला घालून.

वहिनींनी आम्हाला आत नेलं. गोधडीचा पडदा बाजूला केला आणि शेपाची धुरी तोंडावर आली. बाजेवर स्नेहल बसली होती. डोळे खोल गेलेले, ब्लाऊज पुढून ओला, आणि ती कुणाकडंच बघत नव्हती. शेजारी बाळ रडत होतं, पण रडण्यात जोर नव्हता. मी दारातच थांबलो. धुरीच्या खाली दुसरा एक वास होता. तो काही ओळखायला अवघड नाही. सांगलीकडं छाटणीनंतर अख्खा शिवार त्या वासानं भरलेला असतो. माझ्याआधी सिस्टरच म्हणाल्या, कारण त्यांचं माहेर बागायतदारांच्याच गावात.

"या अल्ला! ह्यो तर बागेचा वास हाय."

"धूर सोडला त्याचा हाय," अण्णा मागून म्हणाले. पण त्यांचा आवाज पहिल्यांदाच नेहमीपेक्षा खाली होता.

मी भिंतीकडं बघितलं. चुन्यावर पांढरट ओघळ. आमच्या पंपानं इथं कधी पाऊलच टाकलं नव्हतं. मी म्हणालो, "अण्णा, ह्ये आमचं न्हाई. कुणी मारलं?"

वहिनी गोंधळल्या. "मारलं? काय मारलं? आमच्यात कोन मारत न्हाई."

अण्णा शेगडीकडं बघत राहिले. आणि मग त्या गडगडाटी माणसानं जे सांगितलं ते असं हळू सांगितलं की मला पुढं वाकावं लागलं. लेक यायच्या आधीपासून त्यांना डासांची धास्ती होती. बायको मारू देत नाही. म्हणून सकाळी वहिनी बस्तीत गेल्या आणि स्नेहल मालीशवालीबरोबर न्हाणीत गेली की अण्णा पाठीवरचा पंप घेऊन खोलीत यायचे. बागेचं औषध, त्यांच्या अंदाजानं पातळ केलेलं. भिंती, कोपरे, बाजेखाली, गादीची खालची बाजू. मग धुरी घालून खोली बंद. एकदा नाही, आठवड्यातून दोन-तीनदा. वास आला तर सगळ्यांना शेपाचा वाटायचा, डोकं दुखलं तर वारं लागलं वाटायचं.

"तुमचं सरकारी औषध म्हंजे ताक," अण्णा म्हणाले. "म्हणलं, आपलं भारी हाय."

वहिनी मटकन खाली बसल्या. मला वाटलं, आता लेकीसाठी रडतील. पण बाईच्या डोळ्यांपुढं बहुतेक आधी डासच आले. "माझ्या घरात?" म्हणाल्या. "मी बस्तीत बसलेली, आन् तुमी हितं?" मग लेकीकडं लक्ष गेलं आणि मात्र त्यांनी तोंडात पदर कोंबला.

सिस्टर एव्हाना पुढच्या चौकशीला लागल्या होत्या. "पावडरचं दूध कशात करताय? पाणी कुठलं?"

वहिनी उठल्या, डोळे पुसले. निदान या बाबतीत तरी आपण स्वच्छ आहोत अशा खात्रीनं सांगितलं, "पाणी दोनदा गाळलेलं हाय. दुहेरी कापडानं. त्या निळ्या ड्रमात भरून झाकून ठेवलंय, बाळासाठी वेगळं."

मी स्वयंपाकघराच्या दारातल्या निळ्या ड्रमाकडं बघितलं. अण्णांनीही बघितलं. तसले ड्रम द्राक्षाच्या गावात घरटी चार असतात. बागेवर औषध कालवायचे.

"धुतलाय त्यो," अण्णा म्हणाले. मग कुणी काही न विचारताच म्हणाले, "धुतलाय की. राखंनं धुतलाय."

मला हसू आलं, आणि हसू आल्याचा रागही आला. आईच्या दुधात औषधाचा थेंब असेल म्हणून पोरीला त्यापासून तोडलं, आणि औषधाच्या पिंपातलं पाणी दोनदा गाळून पाजलं. आणि यातला एकही माणूस वाईट नव्हता हो. सगळ्यांचा त्या बाळावर जीव होता, जरा जास्तच होता.

एवढ्यात वहिनींचा मोबाइल वाजला. वाईच्या विहीणबाई, व्हिडिओ कॉल. पडद्यावर अर्धं कपाळ आणि पंखा दिसत होता. "काय म्हणाले डॉक्टर? पाजायचं नाही ना? मी सांगितलंच होतं. अहो, आपण इतकं वाचतो, आपल्याला कळत नाही का? आमचा बाबू पण पुण्याहून हेच म्हणतोय. निदान महिनाभर तरी—"

"बास!"

तो आवाज स्नेहलचा होता. इतका वेळ ती खोलीत आहे हे आम्ही विसरलोच होतो. तिच्याबद्दल बोलत होतो, तिच्याशी कुणीच नाही.

"बास करा सगळ्यांनी. आवं अण्णा, रोज सकाळी उठून मी दूध पिळून मोरीत वततीया. पोरगी हितं भुकेनं रडती आन् मी मोरीत वततीया. छाती दगड झालीया माझी, ताप आलाय. एकानं इचारलं का, स्नेहल, तुला दुखतंय का? माझ्या दुधाचं पुण्यात ठरतंय, वाईत ठरतंय, दवाखान्यात ठरतंय, आता हा डासवाला बी आला. तेवढी ग्रामसभा राहिलीया, ती पण घ्या!"

पडद्यावरचा पंखा फिरत राहिला.

स्नेहलनं बाळ उचललं, गोधडीचा पडदा झटकला आणि सरळ बाहेर अंगणात गेली. वहिनी मागं धावल्या. "अगं, वारं लागंल! सव्वा महिना झाला न्हाई अजून!"

"लागू दे वारं. कवाचं पायजे हुतं मला वारं."

चिंचेच्या सावलीत बाज टाकलेली होती, तिच्यावर ती बसली. आम्हीही मागोमाग अंगणात आलो. सिस्टरनी वहिनींच्या हातातला फोन घेतला, गोड आवाजात "विहीणबाई, रेंज न्हाई बरं का" म्हणाल्या आणि बंद करून आपल्या पिशवीत टाकला. मग आमच्याकडं वळल्या. "दोघं काय बघताय? तोंड तिकडं करा!"

तिकडं म्हणजे गोठ्याची भिंत. फाटकाकडं जायचं तर स्नेहलच्या पुढून जावं लागलं असतं. म्हणून गावातला सगळ्यात मोठा बागायतदार आणि सरकारचा डासवाला असे आम्ही दोघं भिंतीला नाक लावून उभे राहिलो, शाळेत कोपऱ्यात उभं करतात तसे.

मागं बाळ रडायला लागलं. पावडरच्या बाटलीची सवय झालेली, ते छाती धरेना. स्नेहलचा आवाज येत होता, "घे गं बाळा, घे ना." बाळ पाठ ताणून किंचाळत होतं. सिस्टर म्हणाल्या, "घाबरू नको. थोडं पिळ, चमच्यात दे माझ्याकडं. मी वरून थेंब सोडते, तू जवळ धर." पुन्हा किंचाळणं. वहिनी काहीतरी पुटपुटत होत्या, बहुतेक णमोकार मंत्र. स्नेहल आता रडायला लागली. "घेत न्हाई ओ सिस्टर. आटलंय माझं. ह्यांनी आटवलं."

अण्णा भिंतीशी बोलले. "मलेरिया, बागेवर तुडतुडे आले, फुलकिडे आले, त्याच औषधानं बाग वाचली रं. म्हणलं, लेकीला बी वाचवंल." आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मलाही रडू येत होतं, आणि मी शेणाच्या गोवऱ्यांकडं बघत तसाच उभा राहिलो.

मागं रडणं वाढत गेलं, मग चिरकलं, मग एकदम थांबलं.

अण्णा घाबरून कुजबुजले, "काय झालं?"

"गप बसा," सिस्टर तितक्याच हळू म्हणाल्या. "पितंय."

आम्ही श्वाससुद्धा जपून घेत होतो. चिंचेचा पाला हलत होता आणि त्यात ते बारीक चुक्‌चुक् ऐकू येत होतं. तेवढ्यात माझ्या मनगटावर एक डास येऊन बसला. काळा, पायांवर पांढरे पट्टे, आमच्या पोस्टरवर असतो अगदी तोच. अण्णांनी तो बघितला, माझ्याकडं बघितलं. माझा दुसरा हात सवयीनं वर गेला, आणि तिथंच थांबला, कारण चापट मारली असती तर आवाज झाला असता आणि पोरगी दचकली असती. मी हात खाली घेतला. मागं ती पीत होती आणि इथं हा. उभ्या नोकरीत एका डासाला मी पोट भरेपर्यंत पिऊ दिलं, ते त्या दुपारी.